स्पॅनिश शिकायला बेटांवरच्या दंतकथा: पुएर्तो रिको, ला गोमेरा की चिलोए?

ए-वन (स्पॅनिशची पहिली पातळी; मग ए-टू, बी-वन अशा चढत जातात) संपून ए-टू सुरू झालं की पुस्तकातली ती हॉटेलात ऑर्डर देणारी मंडळी नकोशी होतात, आणि मग बॅचमधून हमखास मागणी येते की मॅडम काहीतरी गोष्टी द्या ना वाचायला. मी गेली काही वर्षं तीन बेटांच्या दंतकथा फिरवून फिरवून वापरतेय. कुठली गोष्ट भारी आहे ते नका बघू, तुमचं व्याकरणात कुठे अडतंय ते बघा आणि मग बेट निवडा.

पहिलं पुएर्तो रिको, कॅरिबियनमधलं. जुन्या सान हुआनमध्ये सान क्रिस्तोबाल नावाचा किल्ला आहे, त्याच्या समुद्राकडच्या टोकाला टेहळणीची एक दगडी घुमटी, ती ला गारिता देल दियाब्लो, म्हणजे सैतानाची चौकी. रात्री पहारेकरी एकमेकांना हाक द्यायचे, एक ओरडायचा ‘सेंतिनेला, अलेर्ता!’ (पहारेकऱ्या, सावध!), दुसरा उत्तर द्यायचा ‘अलेर्ता एस्ता!’ (सावध आहे!). एके रात्री या चौकीतून उत्तरच आलं नाही. सकाळी जाऊन बघतात तर बंदूक आणि गणवेश तिथेच, सांचेझ नावाचा शिपाई गायब! लोक म्हणाले सैतानाने नेला, पण पठ्ठ्या खरं तर दिना नावाच्या पोरीबरोबर पळून गेला होता.

आता वरचा परिच्छेद परत वाचा. ‘ओरडायचा’ आणि ‘आलं नाही’. झालं की काम! स्पॅनिशच्या दोन भूतकाळांचं जे भूत सगळ्यांच्या मानगुटीवर असतं ना, ते मराठीत आपण आधीच बोलतो. रोज ओरडायचे म्हणजे ग्रिताबान, एकदाच ओरडला म्हणजे ग्रितो. जे इंग्लिशमधून विचार करतात ते इथे अडकतात कारण तिकडे दोन्हीला ‘शाउटेड’ चालून जातं. मी फळ्यावर फक्त दोन वाक्यं लिहिते, ‘कादा नोचे ग्रिताबान’ (दर रात्री ओरडायचे) आणि ‘आकेया नोचे नादिए कोंतेस्तो’ (त्या रात्री कुणी उत्तर दिलं नाही), आणि सांगते की आधी मराठीत म्हणा. जिथे आपलं नुसतं ‘होता’ येतं तिथे मात्र एरा की फुए (दोन्हींचा अर्थ ‘होता’च) हा घोळ उरतोच, त्याला शॉर्टकट नाही. ‘दिसेन के...’ म्हणजे आपलं ‘म्हणे’, तेही फुकटात मिळतं.

एक चूक माझीच. पहिल्या वर्षी मी हौसेने पुएर्तो रिकोचे जुने लेखक कायेतानो कोल इ तोस्ते यांनी लिहिलेलं या गोष्टीचं जुनं रूप दिलं, आणि दुसऱ्या पानावर अख्खी बॅच गप्प. डिक्शनरी उघडून उघडून लोक दमले. तेव्हा विद्यार्थ्यांसाठी सोपं करून लिहिलेलं एक-दीड पानाचंच घ्या.

दुसरं ला गोमेरा, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी. इथली गारा आणि होनायची गोष्ट. ती ला गोमेराची, तो समोरच्या तेनेरीफेचा, तो म्हणे हवा भरलेली बकऱ्याची कातडी बांधून समुद्र पोहून आला, घरच्यांचा विरोध, आणि शेवटी डोंगरावर दोघांनी एका टोकदार काठीवर जीव दिला. दोघांच्या नावावरून म्हणे तिथलं गाराहोनाय, १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं जंगल. भाषा म्हणून बघाल तर यात भविष्यवाणी आहे, ताकीद आहे, ‘पळ, जवळ जाऊ नकोस’ टाइप आज्ञार्थ आहे, म्हणून मी बी-वनच्या आधी काढत नाही. शिवाय शेवट असा की शाळकरी मुलांना देताना दहादा विचार करावा लागतो. पण जोडीला सिल्बो ऐकवता येतो, शिट्टीत बोललेलं स्पॅनिश, तिथल्या शाळांत शिकवतात. ऐकून वर्ग जागा होतो एवढं नक्की.

तिसरं चिलोए, चिली देशाच्या दक्षिण भागातलं. इथे मजा उलटी आहे. गोष्टी कमी आणि पात्रं जास्त: कालेउचे हे रात्री दिव्यांनी झगमगणारं भुताचं जहाज, समुद्रातली परी पिंकोया, जंगलातला बुटका त्राउको. कोण कुठे राहतं, काय करतं, सगळं वर्तमानकाळात, त्यामुळे ए-वनवालेसुद्धा वाचू शकतात. पिंकोया समुद्राकडे तोंड करून नाचली तर मासळी भरपूर, किनाऱ्याकडे तोंड केलं तर टंचाई. आपल्या ‘जर-तर’चा यापेक्षा गोड धडा मला तरी सापडलेला नाही. अडचण शब्दांची, बरेच तिथल्या मूळ रहिवाशांच्या मापुचे भाषेतून आलेले, पुढे कुठे कामाला येत नाहीत. आणि त्राउको लहान मुलांच्या बॅचला नकोच, लग्नाआधी दिवस गेले की बिल त्याच्या नावावर फाडायची पद्धत होती.

जाता जाता, ‘ग्वाग्वा’ हा शब्द पुएर्तो रिको आणि कॅनरीत बस आणि चिलीत तान्हं बाळ, म्हणून तिन्ही बेटं एकाच महिन्यात मिसळू नका. एका मुलीने भाषांतर केलं होतं, बाई कडेवर बस घेऊन उभी होती :)

हातात एकच वीकेंड असेल तर डोळे मिटून गारिता घ्या. वाचून झालं की दिनाच्या बाजूने दहा ओळी लिहायच्या, त्या रात्री ती काय करत होती आणि मग तिने काय केलं, आणि पहिल्याच ओळीत तुमच्याकडून एरा येतं की फुए, ते बघा.