व्हीएमडी बंद करून सात महिने, फेडोरा जुनंच

लॅपटॉप इंटेलच्या 11व्या पिढीचा, 512 जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी डिस्क), त्यावर विंडोज 11 आणि फेडोरा लिनक्स. घेतला तेव्हा बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हीएमडी, म्हणजे एनव्हीएमई डिस्क आपल्यामागे घेणारं इंटेलचं कंट्रोलर, चालूच होतं, मीही तसंच फेडोरा टाकलं. चाललंही. पण झाकण मिटून ठेवला तरी सकाळपर्यंत बॅटरी बरीच उतरायची, आणि माझ्या जुन्या लाइव्ह पेनड्राइव्हला (त्यावरूनच लिनक्स सुरू होतं) तर डिस्कच दिसेना. म्हणून व्हीएमडी बंद करायचं ठरवलं.

ज्याला विचारावं तो म्हणे, 'फॉरमॅट मार.' काही गरज नव्हती. एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीत) पार्टिशन यूयूआयडीने, म्हणजे स्वतःच्या ओळखक्रमांकाने, लिहिलेली असतात. कंट्रोलरचा पत्ता बदलला तरी यूयूआयडी तोच राहतो. खरी मेख इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूट होताना कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) आधी चढणाऱ्या छोट्या इमेजमध्ये आहे. ती बनवणारं फेडोराचं ड्रॅकट त्या मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर त्यात भरतं. व्हीएमडी बंद करताना एनव्हीएमईचा ड्रायव्हर आधीच आत असतो, म्हणून निभावतं. तरी मी आधी सगळ्या ड्रायव्हरांसकट इमेज बनवून घेतली. दोन मिनिटांचं काम.

बायोसमधला पर्याय लपवलेला होता, मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्यावर उगवला. (काही बायोसमध्ये याला 'एएचसीआय' म्हणतात. एनव्हीएमईचा एएचसीआयशी संबंधच नाही, पण असो.) फेडोरा पहिल्या फटक्यात उठलं.

वेळ खाल्ला तो विंडोजने. आधी सेफ मोड लावायचा, मग बायोस बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्यायचं आणि मग तो काढायचा. नाहीतर निळा पडदा. बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) 48 अंकी रिकव्हरी की मागितलीच. कागदावर लिहून ठेवली होती म्हणून वाचलो.

फजिती माझ्याच स्क्रिप्टने केली. डिस्कची तब्येत रोज तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी पीसीआयचा पत्ता (डिस्क मशीनमध्ये कुठे जोडली आहे तो) लिहिला होता, 10000ने सुरू होणारा, म्हणजे व्हीएमडीचा. तो पत्ताच गेला. तीन आठवडे तपासणी झाली नाही आणि मला पत्ता नाही!

वेगात फरक शून्य. झोपेत बॅटरी आता कमी उतरते, पण त्याच आठवड्यात कर्नलही नवं आलं होतं, त्यामुळे श्रेय कुणाला द्यावं कळत नाही. जुन्या पेनड्राइव्हला मात्र डिस्क दिसते.

पाचव्या महिन्यात बायोस अपडेट केलं आणि लॅपटॉप थेट ड्रॅकटच्या इमर्जन्सी शेलमध्ये (बूट अडल्यावर येणाऱ्या कमांडच्या पडद्यावर) जाऊन बसला. अपडेटने व्हीएमडी गुपचूप पुन्हा चालू केलं होतं, आणि दरम्यान आलेल्या नव्या कर्नलच्या इमेजमध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हता. अर्धा तास डिस्क गेली समजून घाम फुटला. मग कंट्रोल-एस, व्हीएमडी बंद, आणि लॉगिनचा पडदा समोर.