लाझारस: काम चोख, डेटाबेसच्या उंबरठ्यावर मात्र अडखळण

वाशीच्या दाणाबंदरातील एका पेढीसाठी आवक-जावक, हमाली, तोलाई आणि उधारी यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम मी लाझारस या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात लिहिला असून तो तेथे रोजच्या वापरात आहे. बाजार समितीतील गाळ्यांना किंवा वागळे इस्टेटमधील लहान कारखान्यांना असे प्रोग्राम लिहून देणारे ठाणे-नवी मुंबईत बरेच जण आहेत, आणि त्यांच्यापैकी ज्यांचा हात डेल्फी या अशाच दुसऱ्या साधनावर बसलेला आहे त्यांना लाझारसकडे वळावे की नाही हा प्रश्न पडतोच. हे परीक्षण प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. लाझारसच्या सर्व अंगांची चर्चा येथे केलेली नाही. डेटाबेसची लायब्ररी, म्हणजे डेटाबेसशी बोलण्यासाठी प्रोग्रामला लागणारी तयार फाइल, सापडत नाही, असे सांगणारी चौकट कधी ना कधी प्रत्येकासमोर येते. त्या वेळी हे साधन आपल्याला कितपत मदत करते, यावरच मुख्य भर आहे.

आधी जमेची बाजू थोडक्यात. डेल्फी १९९५ साली बाजारात आली. तिच्याच धाटणीचे, फ्री पास्कल या कंपायलरवर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनावर) चालणारे लाझारस १९९९ पासून घडत गेले आणि त्याची १.० ही आवृत्ती २०१२ मध्ये आली. ते विनामूल्य आहे, आणि त्याच्या घटकसंचाचा (प्रोग्राममध्ये जोडायच्या तयार भागांचा) परवाना असा आहे की आपला प्रोग्राम मूळ कोड न देता विकण्यास कोणतीही आडकाठी नाही. डेल्फीची विनामूल्य आवृत्तीही मिळते, परंतु तिला वार्षिक ५,००० डॉलर उत्पन्नाची मर्यादा असल्यामुळे ज्याचे पोटच या कामावर आहे त्याला ती फार काळ पुरत नाही. लाझारसचे घटक आतून यूटीएफ-८ ही सर्व लिप्या सामावणारी अक्षरपद्धत वापरतात, त्यामुळे गिऱ्हाइकांची नावे देवनागरीत लिहिणे, दाखवणे आणि छापणे यासाठी वेगळी खटपट करावी लागली नाही. शिवाय तयार होणारा प्रोग्राम ही एकच ईएक्सई फाइल असते. जुन्या, मंद संगणकावरही ती चटकन उघडते आणि सोबत कोणतेही अवजड रनटाइम बसवावे लागत नाही.

'एकच फाइल' हे वर्णन मात्र डेटाबेस वापरू लागताच अपुरे पडते. एसक्यूएलडीबी हा लाझारससोबत येणारा घटकसंच एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या छोट्या डेटाबेसशी बोलतो तो 'एसक्यूलाइट३.डीएलएल' या लायब्ररीच्या फाइलच्या मध्यस्थीने, आणि ती फाइल लाझारस बसवताना आपल्या प्रोग्रामसाठी आपोआप मिळेल असे गृहीत धरून चालत नाही. ती एसक्यूलाइटच्या संकेतस्थळावरून वेगळी उतरवून घ्यावी लागते. हा दुवा कंपाइल करताना जोडला जात नाही, प्रोग्राम चालू असताना जोडला जातो. त्यामुळे लायब्ररी संगणकावर नसली तरी कंपायलर एका अक्षरानेही तक्रार करत नाही, प्रोग्राम सुरू होतो, मुख्य खिडकीसुद्धा दिसते, आणि पहिली नोंद वाचायच्या क्षणी 'एसक्यूलाइटची क्लायंट लायब्ररी लोड करता येत नाही, तुमचे इन्स्टॉलेशन तपासा' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येऊन सगळे थांबते.

दाणाबंदरातील पेढीवर हे असेच घडले. शेटजींनी नवा संगणक घेतला, आणि मेहताजींनी जुन्या संगणकावरील ईएक्सई फाइल पेनड्राइव्हवर घेऊन नव्याच्या डेस्कटॉपवर ठेवली. त्यांच्या दृष्टीने प्रोग्राम म्हणजे ते एक चिन्ह, आणि ते त्यांनी नीट आणले होते. फोनवर ते म्हणाले, "अहो साहेब, इन्स्टॉलेशन तपासा म्हणतंय. पण आम्ही इन्स्टॉल काहीच केलं नाही, तर तपासू काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, पण संदेशात ते नव्हते, आणि माझा मुख्य आक्षेप नेमका येथे आहे.

लायब्ररी लोड न होण्याची कारणे वेगवेगळी असतात. फाइल मुळात त्या संगणकावर नसते. किंवा असते, पण जेथे शोधली जाते तेथे नसते. किंवा जागेवरच असते, पण ३२ बिटांच्या प्रोग्रामपुढे ६४ बिटांची फाइल ठेवलेली असते (दोन्ही एकाच प्रकारच्या, ३२ किंवा ६४ बिटांच्या, असाव्या लागतात). किंवा ती स्वतः ठीक असूनही तिला लागणारी दुसरी एखादी फाइल गायब असते. विंडोज या कारणांत फरक करते. फाइल किंवा तिची सोबतीण सापडली नाही तर १२६ हा त्रुटी क्रमांक मिळतो, बिटांचा मेळ बसला नाही तर १९३. म्हणजे निदानाची अर्धी माहिती प्रोग्रामच्या हाती आलेली असते, आणि एसक्यूएलडीबीचा हा संदेश ती वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवतच नाही. डेल्फीतील फायरडॅक या घटकसंचाचा याच प्रसंगीचा संदेश ताडून पाहण्यासारखा आहे: कोणती फाइल हवी, ती ईएक्सईच्या फोल्डरमध्ये किंवा पाथमध्ये (विंडोज जेथे फाइली शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) आहे का हे पाहा, आणि ती किती बिटांची असायला हवी, हे तीनही मुद्दे तो एका दमात सांगतो. पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या साधनाशी ही तुलना अन्यायाची वाटेल, पण एका वाक्याच्या संदेशाला पैसे लागत नाहीत.

बिटांचा घोळ सर्वांत जास्त वेळ खातो, म्हणून त्यावर थोडे अधिक. विंडोजमधील नावांनी येथे चकवा देण्याची पुरेपूर व्यवस्था केली आहे: ६४ बिटांच्या विंडोजवर 'सिस्टम३२' या फोल्डरमध्ये ६४ बिटांच्या लायब्रऱ्या राहतात आणि ३२ बिटांच्या लायब्रऱ्या 'सिसवाव६४' मध्ये. ३२ बिटांचा प्रोग्राम 'सिस्टम३२' मध्ये डोकावू लागला की विंडोज त्याला गुपचूप दुसऱ्या फोल्डरकडे वळवते. त्यामुळे आपल्या डोळ्यांना तेथे फाइल दिसत असते आणि प्रोग्रामला ती दिसत नाही. यावर माझे मत स्पष्ट आहे: विंडोजच्या फोल्डरांना हात लावूच नये, डीएलएल नेहमी ईएक्सईच्या शेजारी ठेवावी. शोध तेथूनच सुरू होतो, आणि त्या संगणकावर दुसऱ्या कोणी कोणती आवृत्ती आणून ठेवली आहे याच्याशी आपला संबंध राहत नाही.

लाझारसमध्ये या घोळाला आणखी एक पदर आहे, आणि नवख्यांना तो कोणी सांगत नाही. फॉर्म रचत असतानाच कनेक्शन घटकाचा 'कनेक्टेड' हा गुणधर्म खरा केला की डेटाबेस उघडण्याचे काम आपला प्रोग्राम करत नाही, लाझारस स्वतः करते. त्या वेळी डीएलएल शोधली जाते ती लाझारसच्या ईएक्सईला लागणारी. म्हणून लाझारस ६४ बिटांचे आणि गिऱ्हाइकासाठी तयार होणारा प्रोग्राम ३२ बिटांचा असेल, तर एकाच नावाच्या दोन फाइली लागतात: ६४ बिटांची लाझारसच्या फोल्डरमध्ये, ३२ बिटांची प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये. हे कळले नाही तर रचनेच्या वेळी सर्व सुरळीत आणि चालवताना अडचण, किंवा नेमके उलट, असा खेळ चालू राहतो. एसक्यूलाइटच्या संकेतस्थळावर दोन्ही प्रकारच्या झिप फाइली स्वतंत्र आहेत, आतील डीएलएलचे नाव मात्र दोन्हींत एकच आहे. उतरवल्यावर त्या वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवणे हाच शहाणपणा.

उपाय लाझारसमध्ये आहेत, आणि ते चांगले आहेत; फक्त ते समोर ठेवलेले नाहीत. एसक्यूएलडीबीच्याच पट्टीवर 'लायब्ररी लोडर' नावाचा एक घटक असतो. त्याला डेटाबेसचा प्रकार आणि डीएलएलचे नाव पत्त्यासकट दिले व तो चालू केला की नेमकी हवी ती फाइल लोड होते. पत्ता मात्र पूर्ण द्यावा, तोही प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेवरून काढून. अर्धा, सापेक्ष पत्ता दिला तर डेस्कटॉपवरील शॉर्टकटमध्ये कोणते फोल्डर नोंदले आहे यावर सर्व अवलंबून राहते. लोडर कनेक्शन उघडण्याआधी चालू व्हायला हवा, म्हणून 'कनेक्टेड' रचनेत खोटा ठेवून कोडमधून खरा करणे सोयीचे. आणि ज्या माहितीविषयी मी वर तक्रार केली ती मिळवणेही अशक्य नाही: फ्री पास्कलच्या डायनलिब्स या युनिटमध्ये (तयार कोडच्या गटात) लायब्ररी लोड का झाली नाही याचा मजकूर देणारे फंक्शन आहे. प्रोग्राम सुरू होताच स्वतः लायब्ररी लोड करून पाहावी आणि अपयश आले तर तो मजकूर, अपेक्षित पत्ता व प्रोग्रामचे बिट असे तिन्ही मराठीत दाखवावे. पेढीवरच्या प्रोग्राममध्ये आता ही सोय आहे, आणि मेहताजी चौकटीतील मजकूर फोनवर वाचून दाखवतात तेवढ्यावर निदान होते.

जेथे कोडला हात लावता येत नाही तेथे मायक्रोसॉफ्टचा प्रोसेस मॉनिटर हा विनामूल्य प्रोग्राम कामी येतो. आपल्या ईएक्सईच्या नावाची चाळणी लावली की डीएलएल कोणकोणत्या फोल्डरांत शोधली गेली हे ओळीने दिसते. प्रत्येक ओळीपुढे 'नेम नॉट फाउंड' असेल तर फाइल नाहीच. फाइल सापडलेली दिसूनही प्रोग्राम थांबत असेल तर आधी बिट तपासावेत. अँटिव्हायरसने फाइल उचलून कोंडून ठेवली असेल तर तीही 'नाही' अशीच दिसते, म्हणून त्याची यादी एकदा पाहून घ्यावी.

इतर डेटाबेसांबाबत अनुभव कमी-अधिक असाच आहे. पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी एकटी चालत नाही, तिला ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीसाठीच्या लायब्ररीच्या फाइली सोबत लागतात. मायएसक्यूएलसाठी प्रत्येक आवृत्तीचा वेगळा कनेक्शन घटक आहे आणि आवृत्ती जुळली नाही तर तो तसे स्वच्छ सांगतो. येथे संदेश चांगला आहे, हे नमूद केले पाहिजे. उबुंटू लिनक्सवर एसक्यूलाइट बसवलेले असूनही लायब्ररी सापडत नाही, कारण तेथे फाइलच्या नावाला शेवटी आवृत्तीचा अंक जोडलेला असतो आणि बिनअंकी नाव प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीच्या डेव्हलपमेंट पॅकेजसोबतच येते. ते पॅकेज बसवावे किंवा लोडरला अंकासकट नाव द्यावे.

लायब्ररी मिळाल्यावर लगेच 'असा तक्ता अस्तित्वात नाही' असा संदेश आला तर मात्र लायब्ररीकडे परत जाऊ नये. डेटाबेसचा पत्ता चुकला तर एसक्यूलाइट तक्रार न करता त्या जागी नवी रिकामी फाइल तयार करते. मेहताजींच्या नव्या डेस्कटॉपवर डीएलएल ठेवल्यानंतर नेमके हेच झाले, आणि वर्षभराची उधारी कोरी पाहून शेटजींचा चेहरा उतरला. खरी फाइल जुन्या संगणकावर सुरक्षित होती.

एवढे असूनही मी लाझारसची शिफारस करतो, पण एका अटीवर: ईएक्सई सुटी देऊ नये. इनो सेटअपसारख्या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनाने ईएक्सई, योग्य बिटांची डीएलएल आणि डेटाबेसचे फोल्डर एकत्र बांधून द्यावे, आणि पेढीवर इन्स्टॉलरचीच प्रत ठेवावी. ज्यांना पहिल्या दिवसापासून स्पष्ट संदेश हवे आहेत आणि परवान्याचे पैसे परवडतात, त्यांनी डेल्फी घ्यावी. ज्यांची गिऱ्हाइके दाणाबंदरातल्यासारखी, एका संगणकावर एसक्यूलाइट पुरेशी असलेली आहेत, त्यांना लाझारस पुरेसे आहे.