को-एड स्लो-पिच सॉफ्टबॉल: अख्ख्या मोसमानंतर नियमांबद्दल, मुख्यतः वॉकबद्दल

एप्रिल ते ऑगस्ट अमेरिकेतल्या हौशी लीगचे नियम वापरून झाले. पाच पुरुष, पाच महिला, आलटून-पालटून बॅटिंग, हळू, कमानीत टाकलेला बॉल, हे ठाऊक असेलच. शेवटच्या मॅचला वॉकवरून (चार बॉल बाहेर पडले की बॅटरला न मारता मिळणारा फर्स्ट बेस) तंटा झाला, म्हणून आधी तेच.

यूएसए सॉफ्टबॉल या तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमाने पुरुषाला वॉक मिळाला की तो थेट सेकंड बेसला जातो. मग पुढची महिला बॅटिंग करते. दोन आउट असतील तर वॉक घ्यायचा की मारायचं, हे ती ठरवते. सुरुवातीला हा नियम अपमानास्पद वाटला होता. महिलांना मारता येत नाही असं गृहीत धरून दिलेली भीक! आता तसं वाटत नाही. नियम नसेल तर पिचर (बॉल टाकणारा) तगड्या पुरुषाला मुद्दाम चार बॉल बाहेर टाकतो आणि त्याच्यानंतर येणाऱ्या नवख्या मुलीला आउट करतो. दोन बेस द्यावे लागले की ती चलाखी परवडत नाही.

पण आमच्या लीगच्या कागदावर ‘दोन आउट असल्यास महिलेला वॉक’ एवढंच छापलंय. पर्याय गायब! सेकंडला रनर उभा, एका सिंगलवर (एका बेसच्या फटक्यावर) रन येईल, आणि उत्तम मारणारी बॅटर बॅट खाली टाकून फर्स्टला चालत जाते. हे सरळसरळ चूक आहे. ‘तिची इच्छा असल्यास’ एवढे तीन शब्द घाला, आणि तिला पहिला बॉल पडायच्या आत अंपायरने तिला विचारावं. तिला, कॅप्टनला नाही.

दोन आकारांचे बॉल ठेवण्याचा खर्च मात्र मान्य. पुरुषांना १२ इंची, महिलांना ११ इंची. घोटाळा होतो तो फाउल (रेषेबाहेरचा फटका) कुंपणापलीकडे गेल्यावर, घाईत दुसराच बॉल आत येतो तेव्हा. चुकीच्या बॉलवर खेळ झाला, तर निकाल ठेवायचा की त्याच बॅटरने पुन्हा खेळायचं, हे बॅटिंग करणारी टीम ठरवते. कॅचरने (बॅटरमागच्या फील्डरने) पिचरकडे फेकण्याआधी बॉलवरचा आकडा वाचला की प्रश्नच मिटतो. बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने मऊ पडतात.

फर्स्टचा दुहेरी बेस उत्तम: नारिंगी भाग रनरचा, पांढरा फील्डरचा. टकरी टळतात.

महिला बॅटिंगला असताना आउटफिल्डरांनी (मागे दूर उभ्या फील्डरांनी) १८० फुटांच्या रेषेमागे राहायचं, हा नियमही चांगला; पण चुना दुसऱ्या मॅचपर्यंत पुसला जातो आणि सगळे हळूच पुढे सरकतात. १८० फुटांची न ताणणारी दोरी किटमध्ये ठेवा, एक टोक होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या बेसच्या) मागच्या टोकाशी धरा, आणि कमानीवर पाच-सहा प्लास्टिकचे शंकू मांडा.