क्रीब गोख आणि दोनशे चाळीस पौंडांचा गाइड

गेल्या जूनमध्ये मी आणि माझी नणंद केतकी उत्तर वेल्समध्ये क्रीब गोख, म्हणजे स्नोडन डोंगराकडे नेणारा धारदार कणा, करून आलो. एका दिवसासाठी खासगी गाइड घेतला होता, दोघींचे मिळून २४० पौंड. कंपनीचं नाव देत नाही. तक्रार ऑफिसबद्दल आहे, गाइडबद्दल नाही, आणि नाव घेतलं की त्या बिचाऱ्याच्याही माथी बसेल.

आधी तक्रारच उरकते. बुकिंगच्या मेलमध्ये एवढंच होतं: 'सकाळी ८ वाजता पेन-अ-पासच्या कार पार्कमध्ये भेटू.' चढाई तिथूनच सुरू होते, पण हंगामात तिथली पार्किंगची जागा आधी ऑनलाइन बुक करावी लागते, याबद्दल चकार शब्द नाही. आम्ही पावणेआठला ऐटीत पोचलो आणि गेटवरच्या माणसाने तितक्याच नम्रपणे परत पाठवलं. खाली नांट पेरिसला गाडी लावा आणि बसने वर या, म्हणाला. त्या बसचं नाव शेर्पा. केतकी म्हणाली, "वहिनी, चढाईच्या आधीच शेर्पा लागला, घ्या!" पाऊण तास गेला. नंतर मी मेल लिहिला तर उत्तरात माझ्या 'अभिप्रायाबद्दल' आभार. बास. पुढच्याला तरी सांगा की रे बाबांनो.

दुसरी गोष्ट, त्यांनी दिलेल्या हेल्मेटपैकी एकाचं बक्कल तुटकं होतं. गाइडने ते हातात घेतलं, एकदा बघितलं, आणि काही न बोलता स्वतःचं हेल्मेट मला देऊन गाडीतून जुनं काढून आणलं.

तर गाइड. साठीच्या आसपासचा, वेल्शच, बोलायला अगदी काटकसरी. पहिला अर्धा तास मला वाटलं, पैसे वाया गेले. पेन-अ-पास ३५९ मीटरवर आहे. तिथून पिग ट्रॅक नावाची दगडी वाट चांगली बांधलेली आहे, तिच्यावर गाइड कशाला हवा? खांद्याला बाळ अडकवून आई-बाप चालले होते. त्याने आम्हाला पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिला. नंतर कळलं, तो आमचे पाय बघत होता. कोण कुठे अडखळतं, कोण मोठ्या दगडावर गुडघा टेकतं.

बुल्ख अ मोख म्हणजे डुकरांची खिंड. इथे पिग ट्रॅक डावीकडे जातो आणि क्रीब गोखची वाट उजवीकडे वर चढते. चुकून उजवीकडे वळलेले लोक वर अडकतात, म्हणून तशी पाटीही आहे. तिथे त्याने थांबवलं आणि वाऱ्याकडे पाठ करून पाच मिनिटं नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "चालेल. वारा वाढला तर मी सांगेन आणि आपण उतरू, वाद नाही." हवामानामुळे मार्ग बदलला तर पैसे परत मिळत नाहीत, हे अटींमध्ये बारीक अक्षरात आहे. अट मला पटते, अक्षर मोठं हवं. या कड्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा ती वेळ येणारच.

क्रीब म्हणजे कणा, गोख म्हणजे लाल. तो 'ख' आम्हाला पहिल्या फटक्यात जमला तेव्हा स्वारी पहिल्यांदा हसली. इंग्रज पाहुणे म्हणे जन्मभर 'गॉक' म्हणतात.

खिंडीपासून चढ उभा आहे, हात लावल्याशिवाय होत नाही. इथे गाइडचे पैसे वसूल व्हायला लागले. प्रत्येक धरायच्या दगडाला तो आधी तळहाताने थापटी मारायचा आणि कान द्यायचा. आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, तस्सं! खणखणीत वाजला तर धरा. बद्द आवाज आला तर तो दगड मोकळा, त्याच्याकडे बघूही नका. दहा मिनिटांत आम्ही दोघी कुंभारवाड्यात आल्यासारख्या डोंगर वाजवत चढत होतो.

वर ९२३ मीटरवर तो कणा सुरू होतो. उजवीकडे सरळ खाली लानबेरिसच्या खिंडीच्या बाजूचा कडा. डावीकडे तीव्र उतार आणि तळाशी ग्लासलिन तळ्याचं निळं-हिरवं पाणी. सगळ्यात वरच्या धारेवरून तोल सांभाळत चालणारे शूर लोक आहेत. आम्हाला त्याने सांगितलं, "हात धारेवर, पाय डाव्या अंगाला थोडे खाली." म्हणजे धार आपल्यासाठी जिन्याचा कठडा होते. एवढ्या एका वाक्याने निम्मी भीती गेली. सह्याद्रीत मी बरीच फिरले आहे, पण तिथे दोन्ही बाजूंना एकदम काहीच नाही असं इतका वेळ सलग राहत नाही.

पुढे सुळके लागतात. दुसऱ्यापाशी केतकी गोठली. पाय हलेना, बोटं पांढरी. मागे चार जण खोळंबलेले. मी मूर्खासारखी "खाली बघू नकोस" म्हणाले. गाइडने तिला आखूड दोर बांधला आणि विचारलं, "डब्यात काय आणलंय?" तिला आधी कळेचना. मग म्हणाली, गूळपोळ्या. किती? सहा. आत काय असतं? ती गूळ, तीळ, बेसन सांगत गेली, आणि तीळ भाजायला येईपर्यंत डावा पाय पुढच्या पायरीवर होता. शिखरावर त्याने दोन पोळ्या खाल्ल्या. ते २४० पौंडांत धरलेलं नव्हतं, पण असो.

म्हणून एक सांगते. गाइड ठरवताना त्याची पात्रता विचारा. नुसतं 'माउंटन लीडर' असेल तर ठरवून दोर वापरायचं काम त्या प्रमाणपत्रात येत नाही. या कण्यासाठी 'माउंटनियरिंग अँड क्लाइंबिंग इन्स्ट्रक्टर' लागतो. आम्ही विचारलं नव्हतं, नशिबाने नीट माणूस मिळाला. आणि अडकलातच तर ९९९ ला फोन, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. ते सगळे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत.

पुढचं पटकन सांगते. गवताळ खिंड, मग वाटेतलं गार्नेद इगाइन शिखर १०६५ मीटर, मग आगगाडीचे रूळ. हो, रूळ. १८९६ पासून इथे शिखरापर्यंत गाडी येते. तीन तास जीव मुठीत धरून पोचावं आणि समोर पांढऱ्या बुटांतली आजी सँडविच खात बसलेली! शिखर १०८५ मीटर, फोटोसाठी रांग. इंग्रजीत स्नोडन म्हणतात तोच हा डोंगर, पण २०२२ पासून राष्ट्रीय उद्यानाने 'अर विद्वा' हेच नाव वापरायचं ठरवलंय. त्याचा अर्थ थडगं. राजांच्या दाढ्या कापून त्यांचा झगा शिवणारा एक राक्षस इथे पुरलाय, अशी गोष्ट गाइडने सांगितली. दिवसातलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण तेच.

उतरताना मायनर्स ट्रॅक. वरचा भाग घसरडा आणि गुडघ्यांचा शत्रू, काठ्या घ्या. पुढे तळ्याकाठी तांब्याच्या खाणीचे पडके अवशेष आणि मग थेट रस्ता. पाच वाजता पेन-अ-पास. बसच्या रांगेत उभ्या असताना त्याने खालच्या पेन-अ-ग्विरिड हॉटेलाकडे बोट केलं. १९५३ च्या एव्हरेस्टवाल्यांनी तिथे मुक्काम ठेवून सराव केला होता आणि त्यांच्या सह्या छतावर आहेत.

गाइडला पाच तारे, ऑफिसला दोन. उंचीवर डोकं गरगरत असेल तर हे बुक करू नका, पिग ट्रॅकने जा, शिखर तेच आहे. केतकीला आता पलीकडच्या लिवेद डोंगरासकट घोड्याच्या नालेसारखी पूर्ण फेरी करायची आहे. त्याच माणसाला विचारलंय, सप्टेंबरमधल्या तारखा यायच्या आहेत. पार्किंग मी कालच बघून ठेवलं.