कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्स : नवशिक्यांनी घ्यावी का?

नव्या डीएसएलआर कॅमेऱ्यासोबत १८-५५ मिमीची किट लेन्स बहुतेकांच्या पदरात पडते, आणि मग घरातल्या बारशाचे किंवा संध्याकाळच्या आरतीचे फोटो एक तर हललेले निघतात, नाही तर दाणेदार दिसतात. अशा वेळी दोष कॅमेऱ्याला देऊन अधिक महागडी बॉडी शोधण्याकडे नवशिक्यांचा कल असतो. माझ्या मते कॅननचा डीएसएलआर हाती असेल, तर बॉडी बदलण्याचा विचार बाजूला ठेवून आधी ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम (एसटीएम म्हणजे फोकस करणारी स्टेपिंग मोटर) ही लेन्स घ्यावी.

याचे कारण प्रकाशात आहे. एफ पुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. किट लेन्सचे छिद्र ५५ मिमीवर एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाही, तर ही लेन्स एफ/१.८ वर त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. पूर्ण न उघडता एफ/२.८ वर ठेवली तरी चौपट प्रकाश मिळतो, म्हणजे समईच्या उजेडात ज्या फोटोसाठी किट लेन्सवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता; ती वाढवली की दाणे वाढतात) ६४०० लागला असता, तोच फोटो त्याच शटरवेगाला आयएसओ १६०० वर निघतो. दाणे कमी होतात, रंगही टिकतात.

ही लेन्स २०१५ मध्ये आली आणि तिने १९९० पासून चालत आलेल्या जुन्या आवृत्तीची जागा घेतली. जुन्या लेन्सचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणारी कडी, प्लास्टिकचा होता, हिचा धातूचा आहे. छिद्राची पाती पाचऐवजी सात झाली आहेत आणि ४५ सेंमीऐवजी ३५ सेंमीपर्यंत जवळ जाता येते. वजन जेमतेम १६० ग्रॅम. तक्रारीच्या जागाही आहेत. फोकस होताना पुढची नळी आतबाहेर सरकते, त्यामुळे ती बाहेर असताना धक्का बसणार नाही याची काळजी घ्यावी लागते. मोटरची बारीक घरघर कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकमध्ये उतरते, म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांनी वेगळा माइक लावावा. फोकसची कडी विजेवर चालते, त्यामुळे कॅमेरा बंद असताना ती फिरवून काहीच होत नाही.

लेन्स हाती आल्यावर प्रत्येक फोटो एफ/१.८ वर काढण्याचा मोह होतो आणि निराशेचे मूळ बहुधा तिथेच असते. कॅननच्या १५०० डीसारख्या छोट्या सेन्सरच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यावर एक मीटर अंतरावरून एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे अडीच सेंटिमीटरच असतो. पापण्या लख्ख आणि नाकाचा शेंडा धूसर, असा चेहरा त्यातून निघतो. फोकस घेतल्यावर माणूस किंचित पुढे झुकला तर डोळेही हातचे जातात. एकट्या माणसाच्या फोटोला दोन मीटरवर उभे राहून एफ/२.८ ठेवावे, म्हणजे हाच पट्टा सुमारे सोळा सेंटिमीटरचा होतो आणि मागची पार्श्वभूमी तरीही पुरेशी धूसर होते. फोकसचा बिंदू कॅमेऱ्यावर न सोडता स्वतः निवडावा. १५०० डीच्या नऊ बिंदूंपैकी मधला सर्वांत भरवशाचा आहे. लेन्समध्ये कंपनरोधक सोय नसल्यामुळे, हातात धरून फोटो काढताना शटरवेग १/१२५ सेकंदाच्या खाली नेऊ नये. मुले पळत असतील, तर तेवढाही वेग पुरत नाही.

झूम नाही, ही अडचण मात्र खरी आहे. छोट्या सेन्सरवर या लेन्सचा कोन मोठ्या (फुल-फ्रेम) सेन्सरवरच्या ८० मिमी लेन्सएवढा अरुंद होतो, त्यामुळे उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत घ्यायचे तर जवळजवळ चार मीटर मागे जावे लागते. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते, पण पाय चौकटीबाहेरच राहतात. पंगतीच्या किंवा सगळ्या कुटुंबाच्या फोटोसाठी किट लेन्सच लावावी; ती विकून टाकू नये.

मुंबईत फोर्टच्या बोरा बझारसारख्या ठिकाणी ही लेन्स जुनीही मिळू शकते. जुनी घेताना मागून विजेरीचा झोत टाकून काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, ते पाहावे, आणि जवळच्या व लांबच्या वस्तूवर आळीपाळीने फोकस करून नळी अडखळत नाही याची खात्री करावी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर लेन्स कापडी बॅगेत पडू देऊ नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी आणि निळे दाणे गुलाबी झाले की बदलावेत.

कॅननच्या आरएफ माउंटच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर ही लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून चालते, परंतु नव्याने घेणाऱ्याने २०२० मध्ये आलेली आरएफ ५० मिमी एफ/१.८ घेणे अधिक सोयीचे. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० वाल्यांनी स्वस्त दिसणारी ५० मिमी एफ/१.८ डी घेऊ नये, कारण त्या बॉडीत फोकसची मोटर नसल्यामुळे तिच्यावर ऑटोफोकस चालत नाही. त्यांनी एएफ-एस जी मालिकेतली ५० किंवा ३५ मिमी पाहावी. छोट्या घरात फोटो काढायचे असतील, तर त्यातही ३५ मिमीच बरी.