पॅनल जुनाच, बिल नव्याचं: जुना लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी वाचा

माझी धाकटी बहीण जळगावला राहून एम.एस्सी. करते. तिचा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चार-चारच्या दोन पट्ट्या मिळून आठ जीबी रॅम. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची स्क्रीन लुकलुकायला लागली. झाकण जरा मागे झुकवलं की चित्र नीट दिसायचं, सरळ केलं की आडव्या रेघा आणि मग काळोख. प्रोजेक्ट जमा करायची तारीख डोक्यावर होती, म्हणून ती शहरातल्याच एका दुकानात गेली.

दुकानदाराने लॅपटॉप चालू केला, झाकण दोनदा हलवलं आणि सांगून टाकलं, "डिस्प्लेच गयेल शे ताई, नवा टाकना पडी." वर, विंडोज टेन आता बंद झालंय, ते ठेवलं तर लॅपटॉप कामातून जाईल, अशी भीतीही घातली. नवा डिस्प्ले ५,२०० रुपये, ओरिजिनल विंडोज इलेव्हन १,५०० आणि सर्व्हिसिंग ३००. पैसे यूपीआयने घेतले. बिल मागितल्यावर "व्हॉट्सॲपवर टाकतो" म्हणाला आणि 'डिस्प्ले चेंज ५२००, विंडोज १५००, सर्व्हिस ३००' एवढा मेसेज पाठवला. हा मेसेज पुढे फार कामाला आला.

लॅपटॉप परत आला तेव्हा चित्र स्वच्छ होतं. बहिणीने रात्री लिहायला घेतलं आणि तिची नजर उजव्या खालच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका डाग आहे. बॅगेत चार्जरचा दाब पडून तो दोन-तीन वर्षांपूर्वी उमटला होता. नव्या पॅनलवर, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या स्क्रीनच्या पत्र्यावर, तोच डाग, त्याच जागी? तिने मला लगेच फोटो पाठवला.

मी तिला टास्क मॅनेजर उघडायला सांगितलं. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की रॅम किती आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. रॅम चार जीबी, दोनपैकी एकच स्लॉट भरलेला. म्हणजे एक पट्टी काढून घेतली होती. लॅपटॉप गोगलगायीसारखा का चालतोय याचा उलगडा तिथेच झाला.

विंडोजची गोष्ट तर मला जास्त घातक वाटते. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन पाहिलं, तर तिथे 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने' विंडोज चालू केल्याचं इंग्रजीत लिहिलेलं. घरगुती लॅपटॉपला कुठली आली संस्था? क्रॅक, म्हणजे लायसन्स न घेता विंडोज चालवणारा चोरटा प्रोग्रॅम, टाकला की असं दिसतं. तो चालावा म्हणून अँटिव्हायरसमधून एक पूर्ण फोल्डर तपासणीबाहेर काढून ठेवला होता. याच लॅपटॉपवरून ती स्कॉलरशिपचे फॉर्म भरते, बँकेचं काम करते. शिवाय विंडोज इलेव्हनसाठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत, सातव्या पिढीचे मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत. सहाव्या पिढीवर ते आडवाटेनेच बसवावं लागतं आणि हे दुकानदाराला माहीत असतं. विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. पण त्या दिवशी कुठलाही लॅपटॉप बंद पडला नाही, आणि नोंदणी केलेल्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच ठेवली आहे. बरं, लॅपटॉपसोबत आलेल्या मूळ विंडोजचं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडलं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. त्यासाठी लायसन्सचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर देऊ नका.

थोड्याच दिवसांत स्क्रीन पुन्हा लुकलुकली. या वेळी आम्ही भुसावळच्या ओळखीतल्या एका कारागिराकडे गेलो. त्यांनी आमच्यासमोर स्क्रीनची चौकट काढली. पॅनलच्या मागच्या स्टिकरवर तारीख २०१६ ची, कडेला वर्षानुवर्षांची मातकट धूळ. बिजागरीपाशी केसासारख्या बारीक तारांची डिस्प्ले केबल वळते, तिथे तिचं वेष्टण घासून फाटलं होतं. आधीच्या दुकानदाराने ती पॅनलच्या बाजूने काढून परत खोचली होती आणि वर साधी चिकटपट्टी लावली होती. ५,२०० रुपयांचं काम ते एवढंच. केबल बदलून मजुरीसकट ९०० रुपये झाले. तेव्हापासून झाकण कसंही हलवलं तरी स्क्रीन स्थिर आहे.

हे घरी ओळखता येतं, म्हणून सविस्तर सांगतो. लॅपटॉप एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर ग्राफिक्स ठीक आहे, "बोर्डची चिप गेली" हे ऐकून घ्यायची गरज नाही. स्क्रीनवर रेघा असताना स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाहा. त्यात रेघा नसतील तर दोष पॅनलचा किंवा केबलचा. चालू करताना एफ-टू किंवा तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानावर, जा. तिथेही लुकलुकत असेल तर विंडोज बदलून काही होणार नाही. झाकण हलवल्यावर फरक पडला तर पहिला संशय केबलवर घ्या. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर अंधारात तिरका टॉर्च मारा, पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय. आणि बिघाड फक्त विंडोज सुरू झाल्यावरच येत असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबून ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा चालू करून बघा, मग ड्रायव्हर नव्याने टाका.

दुकानात देताना रॅम, डिस्क आणि सीरियल नंबर दिसतील असे फोटो काढा आणि तिथल्या पावतीवर हेच लिहून घ्या. काढलेला जुना पार्ट परत मागा. नवं पॅनल बसवलंय म्हणणाऱ्याकडे जुनं पॅनल असायलाच हवं.

आम्ही आधी दुकानात जाऊन विचारलं. "पॅनल रिपेअर केलं होतं" असं उत्तर मिळालं, रॅमबद्दल कानावर हात. मग बहिणीने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. व्हॉट्सॲप मेसेज, यूपीआयची नोंद, डागाचा जुना फोटो आणि पॅनलच्या स्टिकरचा फोटो जोडला. त्यानंतर दुकानदाराने डिस्प्लेचे ५,२०० रुपये परत केले. रॅमची पट्टी आणि विंडोजचे पैसे अजून दिलेले नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं ठरलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि तो ऑनलाइनही भरता येतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणाला असाच अनुभव आला असेल तर मेसेज आणि पावत्या डिलीट करू नका.