रस्त्याकडेला मिळालेलं मेज आणि "खंय मेळ्ळें?" विचारणारे फोंड्याचे मेस्त

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली लिहिते, आधी दुकान कसलं ते सांगते कारण मॅपवर शोधलंत तर सापडणार नाही. गोव्यातल्या फोंडा मार्केटपासून गाडीने पाच-सात मिनिटं, पत्र्याची शेड, बोर्ड नाही, बाहेर कधी दोन जुने दरवाजे टेकवलेले तर कधी वेत काढून टाकलेल्या खुर्च्यांचे सांगाडे, आत भुशात बसलेले मेस्त, म्हणजे सुतारकाका, आणि त्यांचा पुतण्या. जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती, वेताचं विणकाम आणि हाताने पॉलिश, बस एवढंच काम, नवीन काही बनवत नाहीत. नाव मुद्दाम टाकत नाही, काकांनीच नको म्हटलं, आधीच काम खूप पडलंय म्हणे.

तर झालं असं की गेल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठ-दहा दिवस आधी मी शिरोड्याहून येत होते. चवथीच्या आधी आपल्याकडे काय होतं माहितीच आहे, घरं रंगवायला काढतात, माळ्यावरचं सगळं खाली येतं आणि नको ते बाहेर जातं, आणि दुर्दैवाने त्यातलं बरंचसं कुठल्यातरी वळणावर झाडीत जाऊन पडतं. तशाच एका वळणावर, जवळपास एकही घर नाही, फुटक्या बादल्या, गादी, टाइल्सचे तुकडे आणि त्यात एक लिहायचं मेज आडवं पडलेलं. पाऊस भुरभुर चालू होता. मी गाडी थांबवून बघितलं तर शिसमाचं, कातीव पाय, एक पाय सांध्यातून निखळलेला आणि खण फुगून घट्ट बसलेला. मला ते तिथे कुजताना बघवेना. घरी फोन केला, नवरा ओळखीचा पिकअप घेऊन आला आणि आम्ही ते उचललं. तेव्हा एक क्षणही मनात आलं नाही की यात विचारण्यासारखं काही आहे, कचऱ्यात टाकलंय म्हणजे टाकलंय.

दुसऱ्या दिवशी मेस्तकाकांकडे नेलं. त्यांनी मेजाला हात लावायच्या आधी मला विचारलं, "हें मेज खंय मेळ्ळें गो बाय?" म्हणजे कुठे मिळालं. मी सांगितलं रस्त्यावर. मग कुठल्या रस्त्यावर, कुणाच्या दारात की गेटबाहेर, की लांब, किती दिवस पडलं होतं, बाजूला अजून काय होतं. मला खरं सांगायचं तर थोडा रागच आला, मी काय चोर दिसते का. पण ते शांतपणे एक वही काढून लिहायला लागले. तारीख, नाव, मोबाइल, वस्तू कुठून आली, आणि जागेचा फोटो असेल तर पुतण्याच्या फोनवर घ्यायचा. माझ्याकडे होता, मी नवऱ्याला लोकेशन कळावं म्हणून पाठवला होता. तो बघून म्हणाले ठीक आहे, हे टाकलेलंच दिसतंय, घेतो.

वही का ठेवतात तेही सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एकाने त्यांना कोरीव दरवाजांची जोडी विकली होती, पडक्या घरातली आहे, कोणी बघत नाही म्हणून. ते घर पडकं होतं पण बेवारस नव्हतं, वारस बाहेरगावी होते, त्यातला एक सुट्टीवर आला आणि तक्रार झाली, आणि काकांना दोन दिवस पोलिस स्टेशनच्या बाकावर बसून काढावे लागले. गोव्यात हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे कितीतरी घरं बंद पडलेली असतात, छप्पर गेलेलं, अंगणात रान माजलेलं, पण त्या घराचे दहा-बारा वारस असतात, कोणी पोर्तुगालला कोणी इंग्लंडला कोणी मुंबईला, आणि इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं कोर्टातलं काम, चालू असेल तर घरातल्या सामानाचीसुद्धा यादी कोर्टात होते. अशा घराच्या बाल्कांवावरची, म्हणजे दारापुढच्या ओसरीवरची, मोडकी खुर्ची ही टाकलेली खुर्ची नाही, ती कुणाची तरी वाटणीतली खुर्ची आहे. चोरीचा माल माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे काकांचं वहीचं वेड मला आता पूर्ण पटतं.

खरी गोष्ट पुढे आहे. तीन दिवसांनी त्यांचा फोन, खण उघडायचाय, तू समोर हवीस. मी म्हटलं उघडा ना काका, मी कशाला, तर नाही म्हणाले, तू आल्याशिवाय नाही. गेले. त्यांनी खालून पट्टी काढून, न तोडता, अर्ध्या तासाने खण सरकवला. आत घरपट्टीच्या जुन्या पावत्या, एक रेशन कार्ड आणि जाड कागदात गुंडाळलेले आठ-नऊ काळेपांढरे फोटो, एक लग्नाचा, एक बहुतेक शाळेचा. पावत्यांवर नाव आणि घर नंबर स्पष्ट. काकांनी रंधा बाजूला ठेवला आणि म्हणाले, आतां मालक कळ्ळो. जोपर्यंत ते घर विचारून येत नाहीस तोपर्यंत मी काम पुढे करणार नाही.

त्या रात्री मी मावसभावाला फोन केला, तो फोंड्याच्या कोर्टात वकिली करतो. त्याने जे सांगितलं ते मला आधी कधीच माहीत नव्हतं म्हणून इथे लिहितेय. चोरी व्हायला वस्तू कुणाच्या तरी ताब्यात असावी लागते आणि ती त्याच्या संमतीशिवाय, लबाडीच्या हेतूने हलवलेली असावी लागते. हमरस्त्यावर अंगठी पडलीय, कुणाच्याच ताब्यात नाही, ती उचलली तर चोरी नाही, पण अपहार होऊ शकतो, हे उदाहरण कायद्यातच दिलेलं आहे, १८६० च्या पिनल कोडमध्येही होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. चोरीचं कलम ३०३, अपहाराचं ३१४. आणि सापडलेल्या वस्तूबद्दल ३१४ मध्ये स्पष्टीकरण आहे, मालकाला परत द्यायला किंवा सांभाळायला उचललीत तर गुन्हा नाही, पण मालक कोण ते माहीत असताना, किंवा शोधायचं साधन हातात असताना, किंवा शोधून कळवायचा वाजवी प्रयत्न आणि वाजवी काळ थांबण्याआधीच ती आपली करून टाकलीत तर गुन्हा. भाऊ म्हणाला, कालपर्यंत तुझ्याकडे साधन नव्हतं, आज ती पावती म्हणजे साधन. नवीन संहितेत अपहाराला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि वर दंड आहे, जुन्या कायद्यात कमीत कमीची अट नव्हती.

मग मी विचारलं, पण त्यांनी टाकलंच असेल तर? त्यावर त्याने एक जुना निकाल सांगितला तो मला फार आवडला. १८९० मध्ये कलकत्ता हायकोर्टासमोर श्राद्धात सोडलेल्या वळूचं प्रकरण होतं. वळू सोडला म्हणजे मालकाने आपला हक्कच सोडला, आता तो कुणाच्याच मालकीचा नाही, आणि जे कुणाचंच नाही त्याची चोरी पण होत नाही आणि अपहार पण नाही, असं कोर्टाने म्हटलं. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच की मालकाने खरंच सोडलंय का. वळूच्या बाबतीत विधी होतो, चार लोक बघतात. मेजाच्या बाबतीत कोण बघतं? आणि जरी मेज सोडलं असेल तरी आतले फोटो सोडलेत का?

तर शनिवारी मी पावत्या आणि फोटो घेऊन त्या घरी गेले. दार उघडलं त्या साठीच्या आसपासच्या काकी. फोटो बघितल्यावर त्या तिथेच पायरीवर बसल्या. त्यांच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा फोटो होता, घरात दुसरी कॉपी नाही. मेज त्यांनीच काढून टाकलं होतं हे खरं, मुलाने नवीन टेबल घेतलं, पण रस्त्यावर टाकलं नव्हतं! टेम्पोवाल्याला पैसे देऊन सामान पंचायतीच्या कचरा शेडवर न्यायला सांगितलं होतं आणि त्याने पैसे घेऊन वळणावर ओतलं. काकींना त्याचाच जास्त धक्का, कारण रस्त्यावर कचरा टाकायला घनकचरा नियमांनीच बंदी आहे आणि त्या ढिगात घर नंबरासकट पावत्या सापडल्या असत्या तर दंडाची पावती यांच्याच दारात आली असती. मेज त्यांनी आनंदाने दिलं, मीच आग्रह केला म्हणून वहीच्या पानावर दोन ओळी लिहून सही केली. ते पान मेस्तकाकांच्या वहीत चिकटवलेलं आहे.

आता कामाबद्दल. पाय पुन्हा बसवला तो स्क्रू न मारता, जुन्याच खाचेत नवीन लाकूड भरून. खण आता एका बोटाने सरकतो. वरच्या फळीवर पाण्याचे डाग होते ते जवळजवळ गेले, एक राहिलाय, तो काकांनी आधीच सांगितला होता की जाणार नाही, जास्त घासलं तर फळी पातळ होईल. लाकूड बघून हाताने कापलेले सांधे दाखवले आणि साठ-सत्तर वर्षांचं तरी असेल म्हणाले. बिल चार हजार दोनशे झालं, यूपीआय घेतात. पणजीला एका ठिकाणी फोटो पाठवून विचारलं होतं तिथे याच्या दुपटीहून जास्त सांगितलं होतं आणि कुठून आणलं ते कोणी विचारलंही नाही.

अर्धा स्टार वेळेसाठी. तीन आठवडे सांगून नऊ आठवडे लागले. त्यातला एक आठवडा माझ्या पावतीच्या भानगडीत गेला हे मान्य, आणि पावसात चपड्याचं (लाखेचं) पॉलिश पांढरं पडतं म्हणून ते ऑक्टोबरपर्यंत थांबले हेही बरोबर, पण मग सुरुवातीलाच तसं सांगायला हवं होतं. फोनही क्वचित उचलतात. काम थांबलंय की चालू आहे कळायला मला चार चकरा माराव्या लागल्या, फोंड्यातल्या माणसाला चालेल, काणकोणहून येणाऱ्याने काय करायचं?

ते काय घेत नाहीत हेही लिहून ठेवते, म्हणजे कुणाची फेरी फुकट जाणार नाही. पावसात रस्त्यावर पडलेल्या झाडाचे ओंडके नाही, लाकडाच्या वाहतुकीला वनखात्याचा पास लागतो आणि झाड पडलं म्हणून त्याची मालकी पडत नाही. (भाटातून, म्हणजे माडांच्या बागेतून, रस्त्यावर घरंगळलेल्या नारळाचंही तेच, तो भाटकाराचा, म्हणजे बागेच्या मालकाचाच असतो, लहानपणी आजी आम्हाला तो उचलून कुंपणाच्या आत टाकायला लावायची, तेव्हा कळत नव्हतं का.) सरकारी बाक, साइनबोर्डचे खांब, गटाराची झाकणं यातलं काही नाही, कितीही गंजून पडलेलं असो. वडाखाली ठेवलेल्या देवाच्या फ्रेमा आणि देव्हारे नाही, त्याला ते हातच लावत नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं, ते ठेवणाऱ्याने कचरा म्हणून ठेवलेलं नसतं. फ्रीज-टीव्ही तर प्रश्नच नाही, तो ई-कचरा, त्याचे नियम वेगळे.

एका गोष्टीवर माझं आणि काकांचं एकमत झालं नाही. मी विचारलं की रोज पहाटे ढिगातून बाटल्या, पत्रे वेचणाऱ्या बायका असतात, त्यांनाही तुम्ही वही विचारणार का. ते म्हणाले नियम सगळ्यांना एकच. मला पटत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतच कचरा वेचणाऱ्यांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घ्या असं स्थानिक संस्थांना सांगितलेलं होतं, म्हणजे वेचणं हे काम आहे हे सरकारनेही मान्य केलंय. रिकाम्या बाटलीचा मालक शोधत बसायला कोणी सांगत नाही. पण पोत्यात पाकीट सापडलं, दागिना सापडला, कागद सापडले तर तिलाही तोच नियम लागतो आणि मलाही, एवढं काकांचं मी मान्य केलं. सापडलेली वस्तू हातात आली की ती सांभाळायची जबाबदारी कुणी आपल्याकडे ठेवायला दिलेल्या वस्तूसारखीच असते, हे तर १८७२ च्या कराराच्या कायद्यातलं कलम ७१.

बाकी माहिती: दुकान सोमवार ते शनिवार, दुपारी एक ते चार बंद, चवथीच्या आसपास तर दहा-बारा दिवस पूर्ण बंद. पार्किंग रस्त्यावरच, मोठा टेम्पो आत जात नाही. वेताच्या खुर्च्या पावसाआधी न्या. आणि सामान रस्त्यावरून उचललेलं असेल तर उचलायच्या आधी त्या जागेचा, आजूबाजूचं दिसेल असा फोटो काढून ठेवा आणि जवळ घर असेल तर दार ठोकून विचारून या, नाहीतर काका ते गाडीतून खालीच उतरवून घेत नाहीत.